राखीव खेळाडूचं मौन

३ जून
राष्ट्रीय गोलबॉल संघात निवड! सरांनी सहा नावं वाचली, माझं सहावं. हुकमाचं पान शेवटी ठेवतात. बायकोने विचारलं, जिथे सगळ्यांना गप्प बसावं लागतं तिथे मला कसं काय नेतायत. मग बराच वेळ हसत होती. डोळ्यांना दिसत नसलं तरी हसण्यातला खवचटपणा मला बरोबर कळतो.

खेळच तसा आहे. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, चेंडूत घुंगरं. तीन जण कानांच्या भरवशावर आडवे पडून गोल राखतात. त्यांनी एकमेकांना ओरडून सांगितलं तर चालतं, बाकी अख्ख्या हॉलने गप्प. बाकावरच्या राखीव माणसाने ब्र काढला की पेनल्टी.

संकल्प : आजपासून मौन.

५ जून, विमानात
मौन सुरू. शेजारच्या बाईंना मौनाचे फायदे समजावून सांगितले. त्यांनी जागा बदलून घेतली. पाय लांब करायचे असणार.

८ जून
पहिला सामना जिंकलो. मी बाकावर. सर मला झाकून ठेवतायत, डावपेच आहे. पण मी इस्पितळाच्या चौकशी खिडकीवर बसणारा माणूस. माहिती आत दाबून ठेवणं जमत नाही. रूममेटने (शाळेत संगीत शिकवतो, सगळे मास्तर म्हणतात) टॉवेल दिला आणि दातांत धरून बसायला सांगितलं. प्रेमळ माणूस.

९ जून
दुसराही जिंकलो. टॉवेलला भोक.

११ जून
सेमीफायनल. बरोबरी, शेवटचं मिनिट. घुंगरं डावीकडे वळली, मला स्वच्छ ऐकू आलं. मी ओरडलो नाही. तोंडातून 'डावीकडे!' निघालं, एवढंच. टॉवेल धुवायला गेला होता. चूक लॉन्ड्रीवाल्याची.

पेनल्टी. आमच्याकडून शेवटचा चेंडू कॅप्टनने टाकला होता, म्हणून नियमाप्रमाणे मैदानाच्या रुंदीएवढा लांबलचक गोल त्याने एकट्याने राखायचा. त्याला आम्ही भिंत म्हणतो. भिंतने चेंडू पोटावर झेलला, उठला आणि तोच उलटा फेकून गोल केला. फायनल! माझ्या पेनल्टीशिवाय हे घडलंच नसतं. भिंतने मला मिठी मारली नाही. दमला असणार.

१२ जून, सकाळ
म्हटलं नव्हतं? फायनलच्या पहिल्या तिघांत मी! सर म्हणाले, तू बाकावर परवडत नाहीस, मैदानात घसा फुटेपर्यंत ओरड. त्यांना काय, चेष्टा सुचते. पण कालचं मनाला लागलंय, खोटं कशाला बोलू. आज तोंड उघडणार नाही म्हणजे नाही. बायकोला तसं फोन करून सविस्तर सांगितलं.

१२ जून, संध्याकाळ
शेवटच्या मिनिटापर्यंत कुणाचाच गोल नाही. मी दोन चेंडू अडवले, एक बरगडीवर. हूं की चूं केलं नाही.

मग एक चेंडू भिंतच्या पायांकडे वळला. मला कळलं, त्याला नाही. 'तुझा!' एवढंच म्हणायचं होतं. ओठ घट्ट मिटून पडून राहिलो. घुंगरं आमच्या मागे गेली आणि हॉल ओरडायला लागला.

रौप्यपदक. हाताला गार लागतं.

भिंत नुसता शेजारी येऊन बसला, तेच जास्त लागलं.

बायकोचा फोन आला. तिने मॅच पाहिली होती. ओरडला का नाहीस, म्हणाली. मग म्हणाली, बोल ना काहीतरी. शेवटी तीच बोलत राहिली.