घोगऱ्या आवाजाची राजकन्या

नालासोपारा,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
विनिताचा शि. सा. नमस्कार.

एवढ्या जवळ राहून पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. घशाला आराम म्हणून आठवडाभर बोलणं बंद आहे, आणि मोबाइलवरची अक्षरं तुला दिसत नाहीत. संग्राम केळी न्यायला येतोय, त्याच्याच हाती पाठवते.

कार्टून सिनेमांना मराठी आवाज देताना आजवर माझ्या वाट्याला चेटकिणी, सावत्र आया आणि एकदा तर म्हैस आली. आता पहिल्यांदाच नायिकेसाठी बोलावलंय. बेटावरची राजकन्या आहे. वादळात स्वतः होडी हाकते, माणसं वाचवते. पण दिग्दर्शक म्हणतात, आवाज बारीक आणि गोड करा, घोगऱ्या आवाजाची मुलगी लोकांना आवडत नाही. गेल्या आठवड्यात घरी चिवचिवून पाहिलं, तर आर्याने विचारलं, मम्मीला बरं नाही का.

हे काम मला फार हवंय, आई. माझ्या लेकीला वर्गात चेटकिणीची मुलगी म्हणतात.

लोभ आहेच, रागावलीस तरी तो राहू दे.
तुझी विनिता


नंदाखाल,
११ फेब्रुवारी

चि. सौ. विनितास,
अनेक आशीर्वाद.

जावईबापूंबरोबर वेलची केळी दिली होती, ती पिकली की लगेच संपवा. पत्र वाचून रागच आला. तुझा आवाज माझ्यावर गेलाय. सासूबाई मला घरात हळू बोल म्हणायच्या, आणि वाडीच्या टोकाचा पंप बंद करायचा झाला की शांताराम गड्याला हाक मारायला मलाच पुढे करायच्या.

त्या राजकन्येला वादळात माणसं बोलवायची आहेत ना? मग चिवचिवाट ऐकून कोण येणार, एवढं त्या दिग्दर्शकांना विचार. भांडू मात्र नकोस. हातचं काम घालवू नये.

नातीला गोड पापा. माया आहेच, ती अशीच चालू दे.
तुझी आई, आशालता


नालासोपारा,
२ मार्च

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोन्ही आवाजांत करून घेतलं, आणि राजकन्या स्वप्नालीला दिली. तिचा गळा गोड आहे, मुलगीही गोड आहे, त्यामुळे धड रागही धरता येत नाही. वादळातल्या हाकेला मात्र तिचा आवाज पोचेना. तेवढी एक हाक माझी ठेवलीय. पडद्यावर माझं नाव नसेल.

घरी येऊन मी रडले. आर्याला अजून काहीच सांगितलेलं नाही. तू सिनेमाला जाऊ नकोस, उगाच वाईट वाटेल.

आशीर्वाद असू दे, सध्या त्याची गरज आहे.
तुझी विनिता


नंदाखाल,
१८ मे

चि. सौ. विनितास,
अनेक आशीर्वाद.

तू नको म्हणालीस तरी सुट्टीला आलेल्या आर्याला आणि शेजारच्या रिटाला घेऊन विरारला सिनेमा पाहिला. पडद्यावरची पोरगी धीट आहे. पण तिची कंबर बघून रिटा म्हणाली, हिला घरी कोणी जेवायला घालतं की नाही. बोलणं सगळं मधात बुडवलेलं. मी जांभया देत होते.

मग वादळ आलं. किनाऱ्यावरची माणसं पाठ फिरवून पळत होती, आणि तिने हाक मारली. विनिता, मी खुर्चीतून उठले आणि ओ दिली. सगळं थेटर हसलं. रिटा मला खाली बसवायला पदर ओढत होती.

तेवढ्यात आर्या खुर्चीवर चढली आणि हसणाऱ्यांना तिने सांगितलं, की ही हाक तिच्या मम्मीची आहे. पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. तिचाही आवाज आपल्यावरच गेलाय.

येत्या रविवारी ये, पत्र नको.
तुझी आई, आशालता