चार रिमोटांचा एक

२८ सप्टेंबर, रविवार
आज पुन्हा फजिती. पिक्चर ऐन रंगात, नायिका रडायला लागली, गभणे सर म्हणाले आवाज वाढव. हाताला आला तो सेट-टॉप बॉक्सचा रिमोट. चॅनल बदललं. घाईने दुसरा उचलला, टीव्हीच बंद. आवाजाचा, म्हणजे ॲम्पचा सापडेपर्यंत बाईंचं रडून झालं होतं. प्रभाकर मधल्या खुर्चीतून ओरडला, "मधू, तू पाटबंधारेत नोकरीले होता का विमानतळावर बे? चार-चार यंत्रं घेऊन बसते!" गभणे सर, लांजेवार पोट धरून हसले. मीही हसलो. हसण्याला ना नाही. माझ्या घरची ही चौघा दोस्तांची रविवारची चार वाजताची बैठक नसती तर रिटायर झाल्यापासून मी भिंतींशीच बोललो असतो.

पण ठरवलं. टीव्ही, बॉक्स, ॲम्प, डीव्हीडी, चारही यंत्रांना मिळून एकच रिमोट घ्यायचा.

३० सप्टें.
दिवसभर मोबाइलवर हेच. स्वस्तातले आहेत त्यांत आधीच भरलेले कोड, आपला ॲम्प त्यांच्या गावीही नाही. दुसरे वाय-फायवर चालणारे, मोबाइलवरून. म्हणजे कुणाचा फोन आला की पिक्चर गेला. नको. तिसरा प्रकार शिकणारा रिमोट. जुना रिमोट आणि हा तोंडाला तोंड लावून ठेवायचे, जुन्याचं बटण दाबायचं, नवा ते शिकून घेतो. बटणं मोठी. आणि वर एक खास बटण, ते दाबलं की टीव्ही, बॉक्स, ॲम्प एकामागून एक सुरू. हाच. ही म्हणाली, "पोरीचं स्थळ पाहताना इतका विचार नाही केला जी तुम्ही." स्थळ चांगलं निघालं, त्याचं श्रेय मात्र तिला.

२ ऑक्टो., दसरा
हिने गाडी, शिवणयंत्र, मिक्सर सगळ्यांची पूजा केली. चार रिमोट पाटावर ओळीने. दरवर्षीचं सांगणं सांगितलं, हळदकुंकू पाठीवर लाव, तोंडावर नको. पुढची काळी काच हा त्याचा डोळा. एका वर्षी तो कुंकवाने बुजला आणि मी मूर्खासारखा सेल बदलत बसलो होतो.

संध्याकाळी प्रभाकर सोनं द्यायला आला. गळाभेट. त्याला रिमोटचं सांगितलं. फार रस घेतला. ॲम्पच्या मागचा मॉडेल नंबर, स्पीकर, सगळ्यांचे फोटो काढले. म्हणाला, "घाई नको करू. मी नागपूरले जाऊन राहिलो, तिथं पाहून येतो. तुले गंडवतीन हे लोक." बरं वाटलं. कॉलेजपासूनचा दोस्त, आपल्या वस्तूत जीव घालतो.

५ ऑक्टो., रवि.
बैठक झाली. तर्री-पोहे संपले, लांजेवार रस्सा वाटीने प्यायला. प्र.ने टेप आणली होती. मधली खुर्ची ते स्पीकर, सगळं मोजलं. म्हटलं कशाला रे? "पाहून राहिलो, आवाज नेमका कुठं भेटते ते." तो मधल्या खुर्चीवर भेटतो. पाचही स्पीकरांचा. म्हणून तर ती जागा पहिल्या दिवसापासून त्याची. मी बाजूला, रिमोटांच्या टोपलीजवळ.

९ ऑक्टो.
बाजारातल्या दुकानदाराने हवा तो पीस नागपूरहून मागवतो म्हटलं. प्र.ला फोन केला. "थांब ना बे, काहून इतका उतावीळ?" थांबणार नाही. मागवायला सांगून आलो. आल्यावरच त्याला दाखवीन.

१५ ऑक्टो.
आज जे झालं ते लिहिताना हसू येतंय.

दुकानात गेलो. दुकानदार म्हणतो, "तो तं परवाच गेला ना जी. तुमचे दोस्त घेऊन गेले, प्रभाकरभाऊ. म्हणे मधूभाऊचाच हाय, मीच देतो त्याले."

आता कळलं थांब-थांब काय होतं ते! दिवाळीची भेट! आणि मी त्याला मनातल्या मनात चालढकल्या म्हणत होतो. रस्त्यात डोळ्यांत पाणी आलं, हे इथे लिहून ठेवतो, कुठे बोलणार नाही. आपल्या वयात कोण कुणाला भेट देतो? लग्नात आहेर देतात तेवढंच.

१७ ऑक्टो.
पितळी तांब्या घेतला. भंडाऱ्यासारख्या पितळेच्या गावात राहून दुसरं काय द्यायचं. जुन्या घडणीचा, जड. आणि आपल्याकडे रीत आहे तसं नाव घालून घेतलं, गळ्याखाली ठशीव अक्षरांत: चि. प्रभाकर यास मधूकडून, दिवाळी. माझ्याहून सहा महिन्यांनी लहान आहे, म्हणून चि. चिडेल. चिडू दे.

ही म्हणाली, "त्यानं अजून तुमच्या हाती काही देल्लं नाही अन् तुम्ही परतफेड करून राहिले." हिचा स्वभावच असा. तांब्या कपाटात ठेवला. त्याने रिमोट काढला की मी हा काढणार.

१९ ऑक्टो., रवि.
बैठक नाही. प्र.चा फोन, करडी गावच्या शेतावर धान कापणीत अडकलो. गभणे सर आणि लांजेवार यांचंही काही ना काही. दिवाळीची गडबड. पोहे पाच जणांचे झाले होते. आम्ही दोघांनी दुपारी खाल्ले, रात्रीही खाल्ले.

२२ ऑक्टो., पाडवा
प्र. आला. हातात फराळाचा डबा. बसला नाही. मी मुद्दामच रिमोटांची टोपली टीपॉयवर मधोमध ठेवली होती. तिच्याकडे बघून म्हणाला, "हे अजून चारच काय?" आणि हसला. मला वाटलं, आता खिशात हात घालेल. घातला. गाडीची किल्ली काढली.

वहिनींच्या चकल्या मात्र उत्तम.

२६ ऑक्टो., रवि.
कुणीही नाही. प्र. म्हणे अजून करडीतच, हार्वेस्टर मिळत नाही. इतर दोघांना फोन केला नाही. कशाला विचारायचं, येणारे येतात. खुर्च्या मांडल्या होत्या त्या उचलल्या. मग एकट्याने पिक्चर लावला. ॲम्पचा रिमोट पहिल्याच झटक्यात हाती आला. सांगायला कुणी नव्हतं.

२८ ऑक्टो.
भाजीबाजारात गभणे सर. मला पाहून आनंदले. "आलास बाप्पा! झाली काय सिहोऱ्याची मंडई? नाटक कसं होतं?"

म्हटलं कुठली मंडई? माझी सासुरवाडी सिहोऱ्याची, तिथे मंडई, म्हणजे नाटकांची जत्रा, भरते हे खरं. पण मी गेलो कुठे?

"प्रभाकरच सांगे. दोन रविवारपासून. मधू सासरी गेला म्हणून नाही आला म्हणे. काय हॉल बांधला यार त्यानं वरच्या माळ्यावर! तुझ्याचसारखा थेटर, पण मोठा. काल-परवा पिक्चर पाहिला. फकस्त रिमोट चालून नाही राहिला त्याचा, उठ-बस करा लागते."

वांगी घ्यायला गेलो होतो, कोहळं घेऊन आलो.

२८, पुन्हा
कापणी नव्हती. हार्वेस्टर नव्हता. नागपूर माझ्यासाठी नव्हतं. टेप माझ्यासाठी नव्हती. माझ्या खोलीत बसून, माझ्या मधल्या खुर्चीवर बसून तो स्वतःचं थेटर मोजत होता. आणि मी त्याला टेपचं दुसरं टोक धरून दिलं.

केसाने गळा कापला.

२९ ऑक्टो.
मोठा हॉल बांधला याचं दुःख नाही. बांध ना. बोलावलं असतंस तर रंग कोणता द्यायचा तेही सांगितलं असतं. मला करडीची थाप मारली, त्यांना सिहोऱ्याची, आणि मधल्या मध्ये मला माझ्याच बैठकीतून उचलून सासरी पाठवून दिलं. कधी हटकलं असतं कुणी, तरी मी गावात नाही म्हणून मोकळा. आणि मी पाडव्याला त्याच्या खिशाकडे बघत उभा होतो. ती माझी नजर आठवली की अंगाची लाही होते.

हिला सांगितलं. मला वाटलं म्हणेल, मी म्हटलं नव्हतं? तिने नुसता चहा केला. त्याने जास्तच लागलं.

३० ऑक्टो.
तांब्या परत करायला गेलो. भांडेवाला म्हणाला, "नाव घातलेलं भांडं कोण घेईन जी? ज्याचं नाव त्याच्याच घरी जाते ते." घासून काढ म्हटलं. म्हणाला घासलं तर भोक पडेल. आणलं परत. स्वयंपाकघरात उलटा घालून ठेवला. नाव तरी दिसतंच.

१ नोव्हें., शनि.
आला.

दारात उभा राहून, जणू काल भेटला होता, "मधू, हे पाय ना बे जरा." पिशवीतून रिमोट काढला. तोच. मोठी बटणं, वरचं खास बटण. मी निवडलेला. इतके दिवस फोटोत पाहिलेला, आज पहिल्यांदा हातात घेतला, तो दुसऱ्याचा बिघडलेला म्हणून.

"शिकूनच नाही राहिला काही. तोंडाले तोंड लावून पाहिलं, सेल बदलून पाहिले. तुझ्याचसारखं मॉडेल हाय सगळं, टीव्हीबी, ॲम्पबी. तू लावून देशीन तं चालते."

गरज सरो वैद्य मरो म्हणतात. याने वैद्याला आधी मारलं आणि मग गरज लागली म्हणून उठवायला आला.

मी रिमोट फिरवून पाहिला आणि तिथेच कळलं. लक्ष्मीपूजनाला वहिनींनी पूजलेला. हळदकुंकवाचं ओलं बोट नेमकं पुढच्या काळ्या काचेवर. वाळून पापुद्रा धरलेला. डोळाच मिटलेला, शिकणार कुठून? ओल्या फडक्याचं काम. तोंडापर्यंत आलं होतं. बोललो नाही.

म्हटलं, "प्रभाकर, हा माझा होता ना?"

"तुझाच समज ना. अरे सांगणारच होतो तुले. आधी सगळं लागू दे म्हटलं. अर्धवट असताना तू आला असता तं आल्या आल्या चुका काढल्या असत्या. मंग सगळे तुझंच ऐकते. एक डाव तं वाटलं, माह्या घरी मीच सांगावं."

"अन् सिहोऱ्याले मले कोणी धाडलं?"

तो माझ्या चपलांच्या रॅककडे बघत राहिला. "काहीतरी सांगा लागते ना बाप्पा."

एवढंच. माफी नाही. जाताना म्हणाला, उद्या रविवार आहे, चालला तर घेऊनच ये. मी "ठेवून जा" म्हटलं. का म्हटलं?

खरं सांगायचं तर त्याच्या एका वाक्याने मी इतक्या रात्री अजून जागा आहे. सगळे तुझंच ऐकते. मला वाटायचं तिथे कुणी माझं ऐकतच नाही, मी आपला टोपलीजवळचा माणूस. याला इतकी वर्षं ते सलत होतं आणि तो माझे पोहे खात होता. राग त्याने कमी झाला नाही. उलट वाढला. सलत होतं तर मला शिव्या द्यायच्या. शिव्या देण्याइतकी दोस्ती तर होती.

२ नोव्हें., रवि.
सकाळी ओल्या फडक्याने काच पुसली. कुंकू लगेच निघालं, हळदीचा डाग थोडा राहिला. मग आपले रिमोट एकेक काढून त्याच्या तोंडासमोर ठेवले. टीव्ही, बॉक्स, ॲम्प, डीव्हीडी. पहिल्या झटक्यात शिकला. हुशार आहे.

मग वरचं बटण दाबलं. टीव्ही लागला, बॉक्स लागला, ॲम्पचा निळा दिवा आला, पाचही स्पीकर बोलले. एका बटणात सगळं. याच्यासाठी सगळा खटाटोप होता. मी मधल्या खुर्चीवर जाऊन बसलो. या घरात ती माझीच खुर्ची, पण तिच्यात बसून पिक्चर मी कधी पाहिला नव्हता. खरंच, आवाज तिथेच भेटतो.

देवघरातली कुंकवाची डबी नजरेसमोर होती. काचेवर एक बोट लावून परत द्यावा, बस शिकवत. हात जाऊन आला. ही बघत होती.

चारला दहा कमी असताना फोन. मागे गभणे सरांचं हसणं, लांजेवारचं खोकणं. प्र. म्हणाला, "झालं काय? चाल लवकर, सगळे आले. तुझी खुर्ची ठेवली हाय, बाजूले, अशी मस्त. रिमोट तुझ्याच हाती राहीन."

प्रेमाने म्हणाला. तेच तर आहे, प्रेमानेच म्हणाला.

हिने न विचारता तांब्या चिंचेने लख्ख घासून दाराशी पिशवीजवळ ठेवला आहे. घेऊन जा म्हणत नाही, ठेवा म्हणत नाही. चार वाजून गेले. पायात चपला आहेत. रिमोट खिशात आहे. मी अजून मधल्या खुर्चीत बसून हे लिहितो आहे. फोन पुन्हा वाजतोय.