कोनाड्यातली डबी

सोमवार, ८ नोव्हेंबर १९४३

पोचलो बाई एकदाचे! बार्शी मागं टाकून निजामाच्या मोगलाईत शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, आणि येरमाळ्यात गाडी थांबली तेव्हा माझी कंबर गाडीतच राहिली की काय असं वाटलं. सोलापूरची गिरणीतली नोकरी सुटली, यांच्या चुलतभावानं इथलं किराणा दुकान चालवायला दिलं आणि दुकानामागचं रिकामं घरही दिलं. इंग्रजी मुलूख सोडायचा म्हणून मी लई कुरकुर केली होती. पण घर बघितलं आणि गप्प झाले. धाब्याचं घर, हातभर जाड भिंती, मागं गोठा, गोठ्याशेजारी बेलाचं झाड. महादेवी तर गाडीतून उडी टाकून सगळीकडं फिरूनही आली. सहा वर्षांची पोर, बूड टेकवून बसेल तर शपथ. हे म्हणाले, आता इथंच म्हातारं व्हायचं. मी म्हटलं, मी झालेच आहे.

ही रोजनिशी आजपासून. पाचवीपर्यंत शिकल्याचा दुसरा काही उपयोग मला अजून सापडलेला नाही.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

दुष्काळात तेरावा महिना! पोरीला न्हाऊ घालायला बसवलं तर गळ्यात नुसता तुटका दोरा, लिंग नाही. बोचकी उलटी केली, गाडी झाडली, यांना वाटेनं मागं पाठवलं. कुठं पडलं देव जाणे. आमच्या लिंगायतांत तान्ह्या बाळाला लिंग बांधतात आणि माणूस मेला की तेच त्याच्या हातात देऊन पुरतात. मधे ते अंगावेगळं करायचं नाही, आणि त्याच्याशिवाय पाण्याचा थेंबही घशाखाली उतरवायचा नाही. नवं द्यायचं ते स्वामींनी, आणि स्वामी गेलेत कळंबकडं. पोर भुकेनं रडून रडून दमली. तिला समजावून मी तिच्याहून जास्त दमले.

दुपारी आतल्या खोलीतला कोनाडा सारवायला हात घातला तर जाळ्यांत एक चांदीची डबी. आत इष्टलिंग! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. देव पावतो तो असा. धुतलं, भस्म लावलं, नव्या दोऱ्यात ओवून पोरीच्या गळ्यात बांधलं. हे म्हणाले, कुणाचं आहे ते विचारू तरी. मी म्हटलं, आधी पोर जेवू दे, मग तुमची चौकशी करा. पोर पोटभर जेवली.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

दुकान उघडलं. आड लांब, पाणी ओढून हाताला घट्टे पडले. तरी एक सुख आहे, महादेवी शहाणी झालीय. मांडी घालून ताठ बसते, बसली की तासन्‌तास हलत नाही. सोलापुरात हिच्या मागं पळून माझा जीव जायचा. इथलं पाणी मानवलं म्हणायचं. मला मात्र 'अव्वा' म्हणायचं सोडून 'माय' म्हणायला लागलीय. गल्लीतल्या पोरांकडून उचललं असेल.

भाजीत मीठ कमी म्हणते. वरून घातलं, तरी कमीच.

रविवार, १४ नोव्हेंबर

मिठाचं मडकं रिकामं. आठवड्याचं मीठ होतं. पोरीचे ओठ पांढरे, फुटलेले. खडे चावत होती. पाठीत एक धपाटा घातला, तर रडली नाही. माझ्याकडं नुसती बघत राहिली.

मागच्या दारात बसते, तोंड गोठ्याकडं. मांडीवर बेलाची पानं. हे म्हणतात खेळतेय. असं कुठलं पोर खेळतं?

सोमवार, १५ नोव्हेंबर

आज भस्माची डबी उपडी केली अंगावर. कपाळ, हात, छाती, सगळं पांढरं. नखांत माती.

मांडी घातलेली. मीठ. भस्म. बेल. आमच्यात माणसाला खड्ड्यात बसवताना हेच घालतात. तेवढंच घालतात.

दूध घालणाऱ्या बानूबाईला धरून विचारलं, हे घर कुणाचं होतं. आधी ठावं न्हाय म्हणाली. पोरीच्या गळ्यातलं लिंग दाखवलं तशी दुधाची चरवी खाली ठेवली. तिनं सांगितलं ते असं. प्लेगच्या साली सगळा गाव रानात झोपड्या घालून होता. या घरातली सिद्धम्मा नावाची पोरगी, महादेवीएवढीच, तिच्या गळ्याला गाठ आली. दोरा रुतायला लागला म्हणून बापानं तो कापला आणि लिंग कोनाड्यात ठेवलं. पोर गेली. मातीला कोणी आलं नाही. बापानं एकट्यानंच बेलाखाली खड्डा खणला, घाईत लिंग द्यायचं राहिलं. मग दर साली यायचा म्हणे, उंबऱ्याशी बसून रडायचा, पण आत पाऊल टाकायची छाती झाली नाही. आता तोही गेला.

बानूबाई म्हणाली, बाई, तिचं हाय ते तिला देऊन टाका, लेकराच्या गळ्यात कशाला बांधलंत? कशाला बांधलं!

मंगळवार, १६ नोव्हेंबर

हे स्वामींना आणायला कळंबला गेले. मला म्हणाले, हात लावू नकोस. पण बघवेना. दुपारी दोरा सोडून लिंग कोनाड्यात ठेवलं, खड्ड्यात द्यायचं म्हणून कुदळ घेतली, वळून बघते तर पोर निळी. श्वास नाही. बसलेली तशीच, ताठ.

लिंग पुन्हा बांधलं. श्वास आला. तोंडातून माती पडली.

देवा, माझी चूक, तिची शिक्षा कशाला?

बुधवार, १७ नोव्हेंबर

हे आले नाहीत. पोर अन्न घेत नाही, पापणी मिटत नाही. अंग गार.

सकाळी लिंग सोडून माझ्या तळहातावर धरलं, तिचा श्वास चालू राहिला. खाली ठेवलं की थांबतो. म्हणजे त्याला कोणीतरी जितं लागतं. पोरच हवी असं नाही.

हे मला आधीच कळायला हवं होतं.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

एका अंगावर दोन लिंगं चालत नाहीत. म्हणून माझं सोडलं, तान्हेपणापासूनचं, आईनं दोरा वळलेलं. ते महादेवीला बांधलं. तिच्या गळ्यातलं सिद्धम्माचं मी बांधून घेतलं. गाठ पहिल्या झटक्यात बसली. दमले होते, एवढंच.

पोर रडली! पाय झाडले. अव्वा म्हणाली. भूक लागली म्हणाली, भाकरी दिली, पळत अंगणात गेली. पळाली गं माझी बाई.

आता बेलाखाली खणायचं, सिद्धम्माच्या हातात तिचं तिला द्यायचं, परत यायचं. थोडं बसते आणि उठते.

दुपार

अजून बसलेलीच आहे. मांडी सुटत नाही.

अहो, आलात की आधी हे वाचा. पोरीच्या गळ्यात माझं लिंग आहे, ते काढू नका — स्वामींनी सांगितलं तरी — आणि माझ्या गळ्यात जे आहे ते माझ्या हातात —

घरात मीठ नव्हतं. कुठून आलं. गुडघ्यापर्यंत

महादेवी हाका मारतेय. अव्वा, अव्वा. ओ द्यायचीय तिला, पोर घाबरेल, पण तोंडात मा