पूर्ण वाक्यात सांगायचं तर

बाई, आज तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या शेवटच्या दिवसांतल्या वयाला मी आता येऊन पोचले आहे. तेव्हा अक्षराबद्दल काही बोलू नका, बोटं आखडतात. तुमच्या दहावीच्या वर्गाचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. ग्रुप म्हणजे मधल्या सुट्टीतली आपली व्हरांड्यातली गर्दी समजा. फक्त कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही आणि घंटा होत नाही. भरे गावचा, आपला भऱ्याचा तो, सायकलला किटल्या अडकवून दूध घालून यायचा आणि पहिल्या तासाला डुलक्या काढायचा, त्यानेच हा ग्रुप काढला. आता त्याचं स्वतःचं फार्महाऊस आहे, लोक तिथे वाढदिवस करायला येतात. तो अजून तसाच बडबड्या आहे, डुलक्या मात्र घेत नाही.

या ग्रुपवर सगळ्यांची खबरबात असते. कोणाला जुळी नातवंडं झाली, कोणाचं हृदयाचं ऑपरेशन झालं, त्याने दवाखान्याच्या कॉटवरून अंगठा वर केलेला फोटो टाकला. एसटीत कंडक्टर होता तो निवृत्त होऊन बायकोला घेऊन दुबईला गेला आणि तिथल्या बसचे फोटो काढून आला. एकीने लिहिलं, पोरगी कॅनडात गेली, लई थंडी हाय म्हनं तितं. भऱ्याच्याने लगेच उत्तर दिलं, ‘मग तू बी जा गोधडी घेऊन, तुजी गोधडी लई गाजलेली हाय.’ मी हे सगळं वाचते. लिहीत काही नाही. कॉलेज करून मी पिरंगुटच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, कामगारांच्या हजेरी-रजेच्या टेबलावर, लागले, तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. आई होती तोवर तिचं केलं. नांदे गावातली आमची भातखाचरं भावाने विकली, तिथे सोसायटी उभी राहिली आणि त्यातला एक फ्लॅट माझ्या वाट्याला आला. भाऊ पुण्यात असतो. फोन करतो, सणाला. शेजारी सगळी संगणकवाली मुलं आहेत, नागपूरची, लातूरची, चांगली आहेत. लिफ्टमध्ये ‘आंटी, कितवा मजला?’ विचारतात. दिवसभरात माझ्याशी बोललेलं एवढं एकच वाक्य असतं असे दिवस असतात. हे काही रडगाणं नाही, परिस्थिती सांगते आहे. पण यातली खबर म्हणून ग्रुपवर काय टाकायची?

आता माण गावची ती. शेवटच्या बाकावरची, डोक्यावर तेल चापून यायची, शुद्धलेखनात दर ओळीला तुमची लाल शाई असायची ती. हिंजवडीची ऑफिसं माणमध्ये शिरली तेव्हा तिच्या सासरच्यांनी रानात तीन मजले चढवले, आता सगळ्या खोल्या भाड्याने आहेत. नवरा गेला, मुलगा जर्मनीत. ही बाई रोज पहाटे ग्रुपवर एकच शब्द टाकायची: ‘हाय’. त्यावर बाकीचे ‘हॅलो’, ‘गुड मॉर्निंग’, फुलांचे गुच्छ, हलणारे हात. मला संताप यायचा. जिने इंग्रजीच्या पेपरात वर्गाची मान खाली घालायला लावली तिने उतारवयात कॉलेजच्या पोरींसारखं ‘हाय’ करावं? शेवटी एक दिवस मी लिहिलं, ‘रोज नुसतं हाय लिहून काय साधतं? काही सांगायचं असेल तर पूर्ण वाक्यात सांगावं.’ भऱ्याच्याने लिहिलं, ‘मॅडम, पट्टी खाली ठेवा, आमी म्हातारी झालो.’  दुसऱ्या दिवशी पहाटे तिचं पुन्हा ‘हाय.’ आणि या वेळी पुढे पूर्णविराम. मला हसू आलं होतं, पण मी ते कळू दिलं नाही.

मागच्या महिन्यात भऱ्याच्याने सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी जाणार नव्हते. खरं तर ग्रुपच सोडायचा असं मनात ठरत आलं होतं, जिथे आपल्याला सांगायला काही नाही तिथे बसायचं कशाला. पण रविवार होता, घरात भाजी एकटीपुरती करायची होती, आणि मी साडी नेसले. फार्महाऊसच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या. मी ओळखलं नाही एकालाही, आणि मला मात्र सगळ्यांनी ओळखलं. ‘आली बग, वर्गाची मॉनिटर! गप बसा रं!’ कंडक्टर उठून उभाच राहिला. जेवणं झाली, तांदळाच्या भाकरी, मटण, वर आपला इंद्रायणी भात. मग भऱ्याच्याने कोणाचा तरी चष्मा घेतला, नाकाच्या शेंड्यावर ठेवला, पदर घेतल्यासारखा टॉवेल खांद्यावर घेतला आणि म्हणाला, ‘शांतता! हजेरी!’ बाई, तुम्ही असता तर तुम्हालाही हसू आवरलं नसतं. मानसुद्धा तुमच्यासारखी डावीकडे कलती. त्याने नंबर घ्यायला सुरुवात केली, आणि सगळ्यांना आपापले नंबर पाठ! नातवंडं असलेली माणसं ‘हजर’ म्हणून ओरडत होती. एका नंबरला कोणी बोललं नाही. त्याने पुन्हा पुकारला. मग कोणीतरी हळूच म्हणालं, ‘त्यो गेला रं दिवाळीच्या आधी.’ भऱ्याच्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुढचा नंबर माणचीचा होता. तिने खुर्चीतूनच दणक्यात आवाज दिला, ‘हाय!’

सगळे हसत सुटले. ‘आजून शिकली न्हाई! बाई म्हनायच्या, हाय काय, हाय? हजर म्हण!’ आणि मला तुमचा आवाज ऐकू आला, तुमची पट्टी टेबलावर आपटलेली ऐकू आली. ती चार वर्षं तुम्हाला ‘हाय बाई’ म्हणत राहिली आणि तुम्ही चार वर्षं ‘हजर’ म्हणवून घेत राहिलात, आणि दोघीही हटला नाहीत. मी तिच्याकडे वळले. म्हटलं, ‘म्हणजे ते रोज सकाळचं ग्रुपवरचं...’

‘मग? तुला काय वाटलं?’

‘इंग्रजी वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. ते हॅलो म्हणतात तुला.’

‘आगं बाई!’ ती पोट धरून हसायला लागली. ‘म्हून व्हय! मला वाटायचं, ह्यास्नी काय झालंय, मी आपलं सांगतीया मी हाय म्हून, आन ही मानसं फोन उचलल्यावानी हॅलो हॅलो करत्यात.’ मग हसता हसताच म्हणाली, ‘पोरानं सांगितलंय, आई, सकाळी उटलीस की मला कळव. त्येला टाकते तसंच तुमाला बी टाकते. तीन मजले भरल्यात माजे, पन दार कुनाचं उगडं नसतंय. उद्या मी उटलेच न्हाई तर पैल्या तारखेला भाडं द्यायला येतील तवाच कळंल.’ सगळे पुन्हा हसले. मी हसले नाही. माझ्याकडे तर पहिल्या तारखेलाही कोणी येत नाही.

मग एकेकाने खबर सांगायची असं ठरलं. पाळी माझ्यापाशी आली तेव्हा मी म्हणाले, ‘काही विशेष नाही.’ भऱ्याच्याने हवेत लिहून घेतल्यासारखं केलं, ‘काही विशेष न्हाई, फुडं,’ आणि गाडी पुढे गेली. कोणी वाईट वागलं नाही. पण मी निघण्याआधी हातपाय धुवायला मागच्या हौदावर गेले तर ती पाठोपाठ आली.

‘इशेष न्हाई म्हंजी एकलीच हायेस ना?’

‘मला सवय आहे.’

‘सवय मला बी हाय. म्हून काय बरं वाटतंय व्हय?’ तिने माझ्या हातावर पाणी घातलं. ‘माज्या सैपाकघराला लागून एक खोली रिकामी हाय. कुनाला द्यावीशी वाटंना. तू ये की ऱ्हायला.’

‘माझा स्वतःचा फ्लॅट आहे,’ मी म्हणाले.

‘ते ठावं हाय. फ्लॅट कुटं हाय ते न्हाई इचारलं मी.’

 मी ‘विचार करते’ असं म्हटलं, तेही अशा आवाजात की जणू रजेचा अर्ज नामंजूर करते आहे. तिने मान हलवली आणि पदराला हात पुसले.

तेव्हापासून, बाई, मला सारखी तुमची खोली दिसते. शाळेमागे गोठ्याला लागून, कौलातून उजेडाचा एक तुकडा येणारी. मी संध्याकाळी अभ्यासाला येते आहे. तुम्ही वातीच्या स्टोव्हवर चहा ठेवता, मला बशीत देता, स्वतः कपात घेता. चहात रॉकेलचा किंचित वास. उतारा वाचून होतो. बाहेर म्हशी परत आल्या आहेत, आई मला हाका मारत असणार, आणि तुम्ही म्हणता, ‘अजून एक उतारा.’ तोही होतो. ‘व्याकरण राहिलं.’ कधीच तुम्ही आधी ‘जा आता’ म्हणाला नाहीत. मला वाटायचं, केवढी ही शिस्त! एकदा मी तापाने आले नाही, तर दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर बोललात, ‘यायचं नसेल तर निरोप पाठवायचा. माणूस वाट बघत बसतं.’ मी घरी जाऊन रडले. कॉलेजला निघाले तेव्हा तुमची गर्द निळी साडी मला दिलीत आणि बजावलंत, ‘महिन्यातून एकदा नेसून दाखवायला यायचं. कशी वापरतेस ते मला बघायचंय.’ मी येत असे. तुम्ही निऱ्या तपासायचात, काठ उलटून पाहायचात आणि चहा ठेवायचात. मला ती तपासणी वाटायची. तुमचं कोणी यायचं नाही, कोकणातून कधीमधी एक पोस्टकार्ड यायचं, हे मला दिसत होतं, पण दिसणं आणि कळणं वेगळं. व्याकरण राहिलं नव्हतं, बाई. माझं व्याकरण तेव्हाही चांगलं होतं.

तुम्ही कधी पूर्ण वाक्यात सांगितलं नाहीत. मी तरी कुठे विचारलं असतं? आपल्यासारख्या बायकांना कोणी विचारत नाही. आपला आवाजच तसा. कारखान्यात माणसं माझ्या टेबलासमोर टोपी काढून उभी राहायची आणि मला ते आवडायचंही. घरी आल्यावर तो आवाज काढून खुंटीला अडकवता आला असता तर बरं झालं असतं. आता घरात तो ऐकायलाही कोणी नाही, तर मी गॅसला, दाराला, दूधवाल्याच्या पिशवीला दटावते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा ते कपाटात कपड्यांखाली जाईल. पण एक गोष्ट कोणाला तरी सांगायला हवी. परवा मी माणचीला फोन केला. ती म्हणाली, ‘बोल.’ मी म्हणाले, ‘ती खोली अजून रिकामी असेल तर रविवारी बघायला येते. खिडकी कोणत्या दिशेला आहे, हवा येते का, सगळं बघूनच ठरवीन.’ ती म्हणाली, ‘बग की. पन आत्ताच कसं काय मनावर घेतलंस?’ मी म्हणाले, आमच्या सोसायटीत पाण्याचे फार हाल आहेत, टँकरवर भागवावं लागतं, या वयात बादल्या उचलणं मला जमत नाही. ‘आसं व्हय,’ ती म्हणाली, ‘मग ये, हितं बोअरला पानी हाय.’

बाई, आमच्याकडे पाणी दिवसरात्र असतं.