पापणीला लागणारी ऊब

३ नोव्हें. १९७८, शुक्र., वाशीम
आनंद काल मुंबईहून आला. प्रयोगशाळेतून सुटी काढून. पहाटे बुद्धवंदनेला शेजारी बसला. मेणबत्ती पेटवताना काडी वातीला न लावता बाजूलाच धरली. प्रवासाचा शीण असेल.
जेवताना शांताने लेकाला विचारलं, "पोरा, तुहं काम तरी काय आहे तिकडं?" म्हणाला, हायड्रोजनचा अणू आधी फुगवायचा. म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन दूरच्या फांदीवर पिकल्या बोरासारखा लोंबतो. मग सूक्ष्मलहरींनी, मायक्रोवेव्हनी, हलवायचा.
"हलवलं की पडते. त्याच्यासाठी मुंबईले कायले जा लागते?"
बऱ्याच दिवसांनी घर हसलं.

५ नोव्हें., रवि.
त्याचं कोडं आज समजलं. मी वर्गात शिकवतो तोच नियम. प्रकाश पुड्यापुड्यांनी येतो; पुडी कमजोर असली तर कितीही ओता, इलेक्ट्रॉन सुटत नाही. सूक्ष्मलहरींची पुडी तर फारच कमजोर. तरी याचे फुगलेले अणू तुटतात. पुड्या विसरून, इलेक्ट्रॉनला साधा गोळा समजून जुन्या गणिताने काढलं, तर उत्तर जवळपास जुळतं! लहरी आणखी जलद केल्या की कोणतं गणित खरं ठरेल, ते आता मोजायचं आहे म्हणे.
बोलताना डावा डोळा मिटून माझ्याकडे पाहत होता.

६ नोव्हें.
सरळ विचारलं. डाव्या डोळ्यापुढे धुकं आहे, पावसाळ्यापासून. लहरी चौकोनी पितळी नळीतून येतात. लहर चालू आहे का ते दाखवणारं यंत्र एकच, तेही बहुधा दुसऱ्यांकडे. म्हणून तिथली सगळी पोरं नळीच्या तोंडाशी मिटलेला डोळा नेतात. ऊब लागली की लहर चालू.
"हात काहून नाही लावत?"
"हाताले उशिरा कळते, बाबा. पापणीले लगेच."
"अन् डोळ्याले काही झालं तं?"
"एवढ्याशा पुडीनं काय होते?"
"तुह्ये अणू तं तुटले."
"ते फुगवलेले. डोळ्यातले साधे असतात. तुटत नाहीत."
तुटत नसतील, तापत असतील. हे मनात आलं. त्यालाही सुचलं असावं. ताट सारून उठला.

९ नोव्हें., गुरु.
डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. "भट्टीवर काम करता का?" आनंद नाही म्हणाला. भिंगाच्या मागच्या अंगाला मोतीबिंदू धरतोय, भट्टीच्या धगीने धरतो तसा. ऐन तरुणपणी. उजवा आज साफ आहे. 'आज' हा शब्द डॉक्टरांचा.
शांताला अजून पुरतं सांगितलेलं नाही.

१० नोव्हें.
जायचं म्हणतो. जलद लहरींची मापं तेवढी राहिली. आत्ता सोडलं तर सर दुसऱ्याला देतील, चार वर्षांचं काम त्याच्या नावावर.
"यंत्र भेटते काय?"
"मागतो."
"नाहीच भेटलं तं? आता कोणता डोळा लावशीन?"
"बाबा, तुमी बी ना..."
संध्याकाळी विहारात बसलो. श्वासावर लक्ष ठेवायला गेलो आणि पितळी नळीच दिसत राहिली. अडवावं? अडवून ऐकेल?

१२ नोव्हें., रवि.
स्टँडवर सोडायला गेलो. शांता आली नाही. तिला काल कळलं. आनंद म्हणाला, "चिंता करू नका. हे पाहा, डाव्यानं बी दिसते." उजवा डोळा तळव्याने झाकून समोरच्या गाडीची पाटी वाचली, "अकोला." शाळेत पाढे म्हणायचा तशी, मोठ्याने.
बरोबर होतं. पण त्या वेळेला तिथं अकोल्याचीच गाडी लागते.
पलीकडे आणखी एक गाडी उभी होती. तिची पाटी वाच, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात त्याच्या गाडीच्या कंडक्टरने घंटी दिली.