मृत पत्त्यांची शोधमोहीम

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी नियमित लिहिणार. गेल्या वर्षीच्या संकल्पात खंड पडला, तो वहीच्या निकृष्ट कागदामुळे.

प्रशिक्षण विभागाचे, म्हणजे माझे, साप्ताहिक मार्गदर्शक ईमेल-पत्र 'पायरी पायरीने' कोणी उघडतसुद्धा नाही, असे मनुष्यबळ विभागाच्या बाई आज भर बैठकीत म्हणाल्या. त्यांना माझी खोली नव्या प्रिंटरसाठी हवी आहे. प्रिंटरला खिडकी लागते म्हणे. 'थोडक्यात कसे लिहावे' या मालिकेचा नववा भाग आपण वाचलात का, असे मी शांतपणे विचारले. त्या म्हणाल्या, पहिलाच अजून संपायचाय. लोक हसले. हसण्याची वेळ न कळणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र मालिका योजावी लागेल.

साहेब मात्र माझ्या बाजूचे. पत्र उत्तम चाललंय, चालू द्या, म्हणाले. लिफ्टमध्ये भेटले की गेली तीन वर्षे हेच म्हणतात, शब्दही बदलत नाहीत. याला निष्ठा म्हणतात. पण बाईंचेही समाधान करा, पुढच्या सोमवारी बघू, असेही म्हणाले. म्हणजे खोली आणि पत्र, दोन्ही सोमवारवर.

४ फेब्रुवारी
कारण सापडले. पत्र वाचले जात नाही, याचा तर्कशुद्ध अर्थ एकच: ते पोहोचत नाही. यादी जुनी आहे, निम्मे पत्ते मृत असणार. उपाय: ईमेल पत्ते तपासणारे टूल एआय सहाय्यकाला जोडणे.

तत्त्व सोपे आणि सुंदर आहे. टूल समोरच्या सर्व्हरच्या दारावर टकटक करते, अमुक इथे राहतात का असे विचारते आणि पत्र न देताच माघारी फिरते. यादी हाती देणे आणि निकाल समजावून सांगणे हे सहाय्यकाचे काम. जेवताना सौ.ला हे टप्प्याटप्प्याने समजावले. तिसऱ्या टप्प्याला ती भांडी घासायला उठली. एरवी भांडी मी घासतो.

५ फेब्रुवारी, सकाळ
जोडणी दुपारी बारापर्यंत पूर्ण होईल.

संध्याकाळ
टूलची चावी, म्हणजे एक लांबलचक सांकेतिक अक्षरमाला, सहाय्यकाच्या सेटिंगमध्ये चिकटवायची असते. चिकटवली. नाकारली. पुन्हा चिकटवली. पुन्हा नाकारली. ही यंत्रे अडाणी माणसांनी बनवलेली आहेत.

मेहुण्याला फोन केला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, तरीही. म्हणाला, दाजी, चावीच्या शेवटी एक स्पेस राहिलीय, ती पुसा. पुसली. चालू झाले. मी त्याच निष्कर्षाच्या अगदी जवळ आलो होतो, असे त्याला सांगितले. तो म्हणाला, हो ना, एका स्पेसवर होतात.

वर त्याने विचारले, पण दाजी, पत्ता मेलेला असला तर पत्र परत येतं, तुमच्याकडे येत नाहीत का? येतात. ती न उघडता परस्पर वेगळ्या फोल्डरमध्ये जातील, अशी व्यवस्था मी पहिल्याच दिवशी केली आहे. कुरकूर ऐकत बसणे माझ्या स्वभावात नाही. यावर फोन कट झाला. रेंज नसावी.

६ फेब्रुवारी
सहाय्यकासाठी सविस्तर सूचनापत्र तयार केले, परिशिष्टासह. त्याने त्याचा दोन ओळींत सारांश केला आणि विचारले, इतकेच ना? उद्धट. इतकेच होते.

निकाल आला. सगळे पत्ते जिवंत. एक सोडून.

टूल सदोष आहे. पुन्हा तपासायला लावले. तेच. सहाय्यकाचे म्हणणे, पत्रे नीट पोहोचत आहेत, न वाचली जाण्याची इतर कारणे असू शकतात, ती सांगू का? नको म्हटले.

७ फेब्रुवारी
तो एक मृत पत्ता कोणाचा, हे आज पाहिले. साहेबांचा. तीन वर्षांपूर्वी त्यांना बढती मिळाली, तेव्हाच बंद झालेला.

म्हणजे टूल सदोष नव्हते. कचेरीतला सर्वांत महत्त्वाचा वाचक माझ्या पत्राला मुकत होता, आणि ते मी शोधून काढले. मग साहेब उत्तम म्हणत होते ते कशाला, असा प्रश्न क्षणभर मनात आला. थोर माणसांना गुणवत्ता न वाचताही कळते.

पत्ता दुरुस्त केला. मागचे सगळे अंकही त्यांना आजच पाठव, क्रमाने, एकेक स्वतंत्र, असे सहाय्यकाला सांगितले. त्याने विचारले, सगळे? शिष्याने प्रश्न विचारावेत, पण असले नव्हेत. पाठवले.

सौ.ला सांगितले. ती म्हणाली, अहो, त्या माणसाने तुमचं काय वाकडं केलंय?

१० फेब्रुवारी, सोमवार
बैठक. साहेब उशिरा आले. बसता बसता त्यांनी विचारले, माझा पत्ता कोणी दुरुस्त केला? मी उभा राहिलो. दारावरच्या टकटकीपासून सुरुवात केली. साहेब म्हणाले, बसा. मनुष्यबळाच्या बाई मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

साहेबांचा इतकी वर्षे असा समज होता की माझे पत्र म्हणजे नोटीस बोर्डावरच्या दोन ओळी. शनिवार-रविवारी फोन उघडला तर बायकोचा निरोपही सापडेना, नुसत्या पायऱ्याच पायऱ्या, असे ते म्हणाले. रसग्रहणाची ही तऱ्हा.

खोली प्रिंटरला. पत्र मात्र बंद करायचे नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितले. लिहीत जा, म्हणाले, तुमची आवड आहे. फक्त यापुढे ते माझ्या जुन्या पत्त्यावरच पाठवत जा. इतर कोणाला पाठवू नका.

१२ फेब्रुवारी
नवी जागा जिन्याखाली. वर जाणारे येणारे स्पष्ट ऐकू येतात. प्रिंटर खिडकीत बरा दिसतो.

'थोडक्यात कसे लिहावे', भाग दहावा, पाठवायला घेतला. सहाय्यकाने विचारले, यादीत एकच पत्ता आहे आणि तो मृत आहे, तरी पाठवू का?

हो म्हटले.