भिंतीतलं दार

पिंप्राळा, जळगाव
९ जानेवारी २०२५

चि. मगन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मोबाइलवर काही लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून मुद्दाम कागद घेऊन बसले. मयुरी आणि मुलं बरी असतील. धुळ्याच्या बंगल्याचं फर्निचर उरकलं की अजून तिथेच भुसा खातोयस?

इकडे सासूबाईंचं फार बिघडलंय. पंधरा दिवसांपूर्वी मी दळण टाकायला गेले, तेवढ्यात दोन लुगड्यांचं गाठोडं काखेत मारून त्या बाहेर पडल्या. एका रिक्षावाल्याने महामार्गावरून आणून सोडलं. ट्रकांच्या मधोमध उभ्या होत्या म्हणे. कुठे निघालात विचारलं तर एकच, "माले घर जानं शे." चाळीस वर्षं याच घरात राहतात, मगन.

तेव्हापासून पुढच्या दाराला आतून कुलूप. त्या दिवसभर ते दार हलवतात, तळहात सुजलेत. शेजारपाजारचे येऊन बघतात. तुझे दाजी सकाळीच कंपनीत जातात, मग घर आणि आम्ही दोघी. माझा शिवणाचा क्लास बंद पडला. दूधसुद्धा खिडकीच्या गजांतून हात काढून घेते.

तू ये आणि त्यांच्या मागच्या खोलीला भक्कम दार बसवून दे. कडी बाहेरून हवी. तू नाक मुरडशील हे ठाऊक आहे, पण मी थकले.

आठवण ठेव, एवढंच.
तुझी, ज्योतीअक्का

शिंदखेडा, जि. धुळे
१६ जानेवारी

ती. स्व. अक्कास मगनचा सा. न. वि. वि.

टोमणा पोचला. काय करू, बोटं सरसाने चिकटलेली असतात, अंगठाच काय तो मोकळा राहतो.

बाहेरून कडी मी गोठ्याला करतो, माणसाच्या खोलीला करणार नाही. राग मानू नकोस. दर आखाजीच्या सणाला तुला माहेरी धाडताना तुझ्या सासूबाई, आमच्या भिकुबाई मावशी, स्वतः सांजोऱ्या करून तुझ्या पिशवीत भरत. त्यांना कोंडायला मीच दार करू? माझा हात चालणार नाही.

पण दुसरा मार्ग आहे. दार दिसलंच नाही तर ते हलवणार कोण? धुळ्याच्या बंगल्यात देवघराचं दार मी कपाटांमध्ये असंच लपवलंय. तुमच्या हॉलची पुढची सबंध भिंत, खिडकीसकट, आतून कपाटांनी मढवतो. सगळी झडपं एकसारखी, एकच सनमायका, मूठ एकालाही नाही. त्यातलं एक झडप म्हणजे तुमचं दार. अगदी वरच्या कोपऱ्यात दाबलं की उघडेल, आणि ती जागा फक्त तुला आणि योगेंद्र दाजींना माहीत. कुलूप नको की आदळआपट नको. रविवारी मोजमाप घ्यायला येतो. जेवायला शेवभाजी करशील तर मजुरी माफ.

धाकट्यावर नजर असू द्यावी.
मगन

पिंप्राळा
२४ फेब्रुवारी

चि. मगन यास आशीर्वाद.

भिंत फार देखणी झाली. येणारे-जाणारे हात फिरवून बघतात. तुझे दाजी म्हणतात, हॉल मोठा वाटायला लागला. सासूबाईही सुरुवातीला शांत होत्या. कितीतरी महिन्यांनी मी दुपारची डोळे मिटून पडले.

मग त्या शोधायला लागल्या. सकाळी गाठोडं घेऊन पहिल्या झडपापाशी उभ्या राहतात. दाबलं की उघडतं, हे त्यांच्या लक्षात आलंय. आत चादरी. पुढचं उघडतात, आत डबे. त्याच्या पुढचं, मग पुन्हा पहिल्यापासून. दाराच्या झडपाला तेवढा वरपर्यंत हात पोचत नाही. त्याला कान लावून त्या भाजीवाल्याची हाक ऐकत राहतात.

परवा मला विचारलं, "दार कथं गयं वं?" मी म्हणाले, इथे दार नव्हतंच कधी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "तुलेबी कोंडी टाकं का वं?"

मगन, तेव्हापासून मलाही त्या भिंतीकडे बघवत नाही. काम करताना मान वर केली तर कुठेच बाहेर दिसत नाही. जीव घुसमटतो. तुझे दाजी म्हणतात, घरात एवढी शांतता आलीय, आता काही हलवू नका. ते असतात दिवसभर बाहेर.

तू एवढी मेहनत घेतलीस, सांगायला तोंड नाही. पण हे काढ.

तुझी, ज्योतीअक्का

शिंदखेडा
३ मार्च

ती. स्व. अक्कास सा. न. वि. वि.

खरं सांगतो, पत्र वाचून रागच आला. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात सफाईचं काम, फोटो दाखवत फिरत होतो. घरात कोणाशी धड बोललो नाही. शेवटी मयुरी म्हणाली, गिऱ्हाइकाला पसंत पडलं नसतं तर मुकाट्याने बदलून दिलं असतंत, बहिणीपुढेच एवढा ताठा का? मग हे लिहायला बसलो.

कपाटं राहू देत. तेवढं एक झडप काढतो आणि मूळ दार मधोमध आडवं कापतो. खालचा भाग मावशींच्या छातीइतका, तो बंद राहील. त्याची कडी बाहेरच्या अंगाला, एवढी खाली की वरून वाकून तुझा हात पोचेल, त्यांचा नाही. वरचा भाग दिवसभर उघडा. खालच्या भागाच्या माथ्यावर कोपर टेकायला सागाची रुंद पट्टी लावतो, कडा रंध्याने गोल करून. गावाकडे शेळ्या आत शिरू नयेत म्हणून अशी दारं असत.

दाजी नाही म्हणाले तर त्यांना एक दिवस रजा काढून त्या भिंतीसमोर बसायला सांग.

माझा राग गेला, तुझाही जाऊ दे.
मगन

पिंप्राळा
१९ मार्च

चि. मगन यास आशीर्वाद.

तू घाईत होतास म्हणून सांगायचं राहिलं. तुझं पत्र वाचून तुझे दाजी चिडले, पण रजा काढली. दुपारी सासूबाईंनी त्यांनाच विचारलं, "भाऊ, आठलं दार कथं गयं?" पोटच्या मुलाला ओळखलं नाही. ते उठले, अंगणात जाऊन उभे राहिले. आत आले ते तुला बोलावून घे म्हणतच.

तू दार कापून गेलास तेव्हापासून त्या तिथेच असतात. भाजीवाल्याशी घासाघीस करतात, घ्यायचं काहीच नसतं. शाळेच्या पोरांना घराचा रस्ता विचारतात. पोरं कुठेतरी बोट दाखवतात आणि त्यांचं समाधान होतं. संध्याकाळी वरचा भाग लावताना मात्र रोज रडतात. दुखणं काही हटलेलं नाही, आणि माझाही पाय घराबाहेर पडत नाही. तुला खोटं कशाला सांगू?

काल मी भाकरी थापत होते. दारातून त्यांनी मला हाक मारली, कोणा नव्या सुनेला मारावी तशी, "ओ बाई, अंधारामा काय बसनी? आठे ये ना." आणि सरकून जागा केली. मी पिठाच्या हातांनी गेले. दोघींनी त्या पट्टीवर कोपरं टेकली. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, एक म्हातारा सायकल ढकलत चालला होता. आम्ही तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघितला. आत भाकरी करपल्याचा वास सुटला, तरी मी हलले नाही.

मयुरीला आणि मुलांना आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.
तुझी, ज्योतीअक्का